लशीची यादी मागच्या दारापासून सुरू करा

मिरजेतल्या एका शंभर खाटांच्या खाजगी रुग्णालयात मी इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर आहे. पद ऐकायला भारी. कोविडच्या आधी काम एवढंच की हात धुवा, सुया डब्यात टाका, पिवळ्या पिशवीतलं लाल पिशवीत टाकू नका, असं दिवसभर ओरडत फिरायचं. माझी चाहूल लागली की वॉर्डात सगळ्यांचे मास्क वर जायचे आणि मी वळले की खाली यायचे.

मग जानेवारी २०२१ आला आणि माझ्या टेबलावर एका ओळीचा कागद पडला: सर्व कर्मचाऱ्यांचे लसीकरण पूर्ण करून अहवाल द्यावा. कसं करायचं, ते कुणी सांगितलं नाही. पुढच्या साथीत हा कागद ज्या सिस्टरच्या किंवा ब्रदरच्या टेबलावर पडेल, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतेय. लस वेगळी असेल, पोर्टल वेगळं असेल. माणसं हीच असतील.

‘सर्व कर्मचारी’ म्हणजे कोण

इथे मी चुकले, म्हणून आधी हेच सांगते.

मी एचआरकडे यादी मागितली. त्यांनी पगारपत्रक काढून दिलं. डॉक्टर, सिस्टर, ब्रदर, लॅब, एक्स-रे, ओटी, बिलिंग, फार्मसी. मी ती यादी नीट टाइप करून वर पाठवली आणि काम झालं म्हणून घरी गेले. पगारपत्रकावर जो नाही तो एचआरच्या लेखी रुग्णालयात नसतोच. आमचं हाऊसकीपिंग कॉन्ट्रॅक्टवर. त्यांचा सुपरवायझर भांडायला पुढे असतो, त्यामुळे त्याच्या मावश्यांची यादी त्याने स्वतःच आणून दिली. पण कपडे धुवायचं काम दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडे, आणि तो सांगलीला बसून फोनवर कारभार करतो. त्याची तीन माणसं रोज मागच्या दाराने येऊन कोविड वॉर्डातल्या चादरींचे गाठोडे उचलून नेत होती. ती कुठल्याच यादीत नव्हती.

त्यातल्या एका मामांची गोष्ट सांगते. मामा म्हणजे आम्ही म्हणतो म्हणून. वय तेव्हा एकतीस. मार्चअखेरीस माझ्या लक्षात आलं की यांचं नावच नाही. नाव घालायला धावले, तर एप्रिलच्या सुरुवातीला केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांची नवी नोंदणीच बंद केली, कारण देशभर भलत्याच लोकांनी या यादीत शिरकाव केला होता. पंचेचाळीसच्या पुढच्यांना तेव्हा लस मिळत होती, पण मामा एकतीसचे. १ मेपासून अठराच्या पुढच्यांना दार उघडणार म्हणून आम्ही वाट पाहत राहिलो. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मामा स्वतःच पॉझिटिव्ह आले. बरे झाले, देवाची कृपा. तोवर मेच्या मध्याला लशीअभावी राज्यात अठरा ते चव्वेचाळीस गटाचं लसीकरण थांबलं. १९ मे रोजी केंद्राने नियम काढला की कोविड झालेल्यांनी बरं झाल्यावर तीन महिने थांबायचं. म्हणजे पहिला डोस ऑगस्टमध्ये. कोविशील्ड लशीच्या दोन डोसांमधलं अंतर तेव्हा चौऱ्याऐंशी दिवसांवर गेलं होतं, म्हणून दुसरा डोस दिवाळीच्या सुमारास. ज्याला फेब्रुवारीतच पहिला डोस मिळायला हवा होता, त्याला माझ्या यादीतल्या एका ओळीपायी जवळजवळ सहा महिने उशीर झाला. अख्खी दुसरी लाट त्या माणसाने लशीविना गाठोडी उचलून काढली.

तर यादी अशी करा. सकाळी पावणेसातला रुग्णालयाच्या मागच्या दाराशी वही घेऊन उभे राहा. हातात चहा घ्या, म्हणजे चौकशी चाललीय असं वाटत नाही. आत येणाऱ्या प्रत्येकाला नाव विचारा आणि तो कुणाचा माणूस ते विचारा. हेच दुपारी पावणेदोनला आणि रात्री पावणेनऊला करा. तीन दिवस. त्यात एक रविवार येऊ द्या, कारण रविवारी बदलीचे लोक येतात. मग ही वही आणि पगारपत्रक शेजारी ठेवा. आमच्याकडे असं केल्यावर सापडले ते: ॲम्ब्युलन्सचे दोन चालक, ऑक्सिजन सिलिंडर उतरवणारा, कॅन्टीनची पोरं, लिफ्टवरचे आजोबा, आठवड्यातून दोनदा येणारे भूलतज्ज्ञ, नर्सिंग कॉलेजच्या विद्यार्थिनी आणि शवागाराची किल्ली असलेले मामा. कन्सल्टंट डॉक्टरांना प्रत्येकाला वाटतं की आपलं नाव दुसऱ्या रुग्णालयाने घातलं असेल. विचारून घ्या. चार रुग्णालयांत जाणारे एक सर्जन चारही याद्यांतून सुटले होते.

नाव, जन्मवर्ष, मोबाइल

यादीत एवढेच रकाने, पण डोकेदुखी इथेच. आपल्याकडे सिस्टरचं नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, आणि पगारपत्रकावर दोन्हींची खिचडी. प्रमाणपत्र ज्या ओळखपत्रावर निघणार त्याच्यावरचं नाव, त्याच स्पेलिंगने घ्या. तोंडी सांगितलेलं नाव लिहू नका. ओळखपत्राचा फोटो काढून घ्या आणि त्यावरून टाइप करा.

मोबाइल नंबर स्वतःचा आहे का हे दोनदा विचारा. आमच्या एका मावशींनी दिलेला नंबर त्यांच्या मुलाचा होता. मुलगा इचलकरंजीला मागावर कामाला. लशीच्या तारखेचा मेसेज त्याला गेला, त्याला वाटलं काहीतरी फसवाफसवी आहे, त्याने तो पुसून टाकला. मावशी इकडे वाट बघत. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही त्यांच्यासाठी वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरचा नंबर द्या, पण एका नंबरवर किती जण नोंदवता येतात त्याला मर्यादा असते. को-विनवर, म्हणजे तेव्हाच्या सरकारी लस-पोर्टलवर, सुरुवातीला चार जणांची होती, पुढे सहाची झाली. म्हणून हा उपाय जपून वापरा.

पोर्टलवर विसंबून वही बंद करू नका. १६ जानेवारी २०२१ला देशात लसीकरण सुरू झालं आणि दुसऱ्याच दिवशी को-विनच्या गोंधळामुळे आपल्या राज्यात ते दोन दिवस थांबवावं लागलं. नाव, तारीख, हात कुठला, बॅच नंबर, टोचणाऱ्याची सही. हे शाईने लिहिलेलं असू द्या.

कुणाला कधी पाठवायचं

मेट्रन मॅडम आणि मी यावर दोन रात्री बसलो. सगळ्यांनाच घाई असते, पण एका वॉर्डाच्या सगळ्या सिस्टर एकाच दिवशी पाठवल्या तर दुसऱ्या दिवशी निम्म्या तापाने झोपलेल्या असतात. कोविशील्डच्या पहिल्या डोसनंतर तरुण पोरींना ताप जास्त आला, साठीच्या डॉक्टरांना कमी. लस नवी असेल तर पहिल्या तुकडीत पाच-सहाच जण पाठवा आणि त्यांना काय होतं ते बघून पुढचं रोस्टर लावा.

आमचा नियम असा ठरला. प्रत्येक वॉर्डातून एका दिवशी एक तृतीयांशपेक्षा जास्त नाहीत. आयसीयू आणि डायलिसिसमधून एका वेळी दोघी. डोस साप्ताहिक सुटीच्या आदल्या दिवशी. नाईट करून थेट लशीला जायचं नाही. रात्रभर जागलेली, उपाशी, घामेजलेली पोरगी टोचल्यावर चक्कर येऊन पडते आणि मग ‘लशीने सिस्टर पडली’ अशी बातमी सगळ्या मजल्यांवर फिरते. तशी एक पडली होतीच. तिने खरं तर आदल्या दुपारपासून काही खाल्लं नव्हतं. त्या एका पडण्यापायी पुढच्या दिवशीच्या नऊ जणांनी अचानक पाळीचं, लग्नाचं, पोटदुखीचं कारण दिलं.

मी मग निरीक्षण खोलीत तिळगुळाचा डबा ठेवला. रथसप्तमीपर्यंत कुणी विचारणार नव्हतं.

आपल्याकडेच केंद्र असेल तर

सुरुवातीला आमच्या लोकांना सरकारी केंद्रावर जावं लागलं, पुढे आमच्याकडेच केंद्र झालं. तीन जागा लागतात: बसायची, टोचायची, आणि टोचल्यावर अर्धा तास थांबायची. तिसरी सगळ्यांत मोठी ठेवा. आम्ही उलटं केलं आणि पहिल्या दिवशी टोचलेले लोक जिन्यात बसले. जिन्यात कुणाला काही झालं तर स्ट्रेचर कुठून आणणार?

ॲनाफिलॅक्सिसचा, म्हणजे अचानक येणाऱ्या जीवघेण्या ॲलर्जीवरच्या औषधांचा डबा निरीक्षण खोलीतच हवा, कपाटात कुलपात नको. त्यात ॲड्रेनॅलिन आहे का, त्याची मुदत संपली नाही ना, आणि ते कसं द्यायचं हे खोलीतल्या सिस्टरला पाठ आहे का, रोज सकाळी विचारा. मोठ्या माणसाला एकास हजारचं अर्धा मिलि, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. आम्हाला एकदाही लागलं नाही. तरी रोज विचारलं.

कोविशील्डच्या कुपीत दहा डोस असायचे. कुपी उघडली की चार तासांत संपवावी लागायची, उरलं तर फेकावं लागायचं. म्हणून दहा माणसं समोर बसल्याशिवाय कुपी फोडू नका, आणि फोडल्यावर त्यावर मार्करने वेळ लिहा. दुपारी साडेचारला सहाच जण आले तर उरलेल्या चार डोसांचं काय करणार? यासाठी माझ्याकडे ‘बोलावल्याबरोबर येणारे’ अशी वेगळी यादी होती. ड्युटीवर असलेले, रुग्णालयाच्या क्वार्टरमध्ये राहणारे, समोरच्या मेडिकलमधले. पहिल्या फोनला जो येईल तो.

टोचल्यावर ताप आला

ही सगळ्यांत अवघड पायरी, कारण साथ चालूच असते. सिस्टरला ताप आलाय. तो लशीचा की कोविडचा? आमच्या फिजिशियननी दिलेला ठोकताळा मी प्रत्येक वॉर्डात चिकटवला. डोसनंतर पहिल्या एक-दोन दिवसांत ताप, अंगदुखी, दंड दुखणं हे लशीचं असू शकतं. पॅरासिटामॉल, विश्रांती. पण खोकला, सर्दी, घसा, वास जाणं हे लशीने होत नाही. यातलं काहीही असेल तर थेट तपासणी. आणि ताप दोन दिवसांपुढे टिकला तरी तपासणी. ‘लशीचाच असेल’ म्हणून कामावर आलेली एक ब्रदर-सिस्टरची जोडी अख्खं ड्युटी रूम क्वारंटाइन करून गेली.

तापाच्या दिवसाची रजा आजारपणाच्या खात्यातून कापू नका. हे व्यवस्थापनाकडून आधी लेखी घ्या. रोजंदारीवरच्या मावशींना दिवस बुडण्याची भीती सुईच्या भीतीपेक्षा मोठी असते. आम्ही कॉन्ट्रॅक्टरकडून एक दिवसाचा पगार मान्य करून घेतला आणि त्या आठवड्यात मावश्यांची गर्दी वाढली. मी केलेल्या साऱ्या भाषणांनी ते झालं नव्हतं.

जे नको म्हणतात

व्यवस्थापनाने पहिला मसुदा केला होता: लस न घेणाऱ्यांचा पगार रोखण्यात येईल. मी तो कागद घेऊन एमडी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, सर, हा फळ्यावर लावायच्या आधी वकिलांना दाखवा. आपल्या देशात कोविडची लस आरोग्य कर्मचाऱ्यांनाही ऐच्छिकच होती. पुढे २ मे २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलं की कुणालाही लस घ्यायची सक्ती करता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी निर्बंध घालता येतील, पण ते परिस्थितीच्या प्रमाणात हवेत. माझी नर्सिंगची बॅचमेट इंग्लंडमध्ये आहे. तिथे सरकारने १ एप्रिल २०२२पासून रुग्णांशी थेट संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांना लस सक्तीची करायचं ठरवलं होतं, आणि ३१ जानेवारीला ते मागे घेत असल्याचं जाहीर केलं. दरम्यान तिच्या वॉर्डातल्या दोघींनी त्या नियमापायी राजीनामे देऊन टाकले होते.

आमच्या परिपत्रकात शेवटी तीन गोष्टी आल्या. लस उपलब्ध आहे, मोफत आहे, ड्युटीच्या वेळात मिळेल. न घेणाऱ्याने कारण लिहून द्यायचं, ते कारण फक्त मी आणि फिजिशियन बघणार. आणि जोवर घेतलेली नाही तोवर आयसीयू, डायलिसिस, केमोथेरपी आणि नवजात कक्षात ड्युटी नाही, पगार आणि हुद्दा तोच. तिसऱ्या कलमावर दर महिन्याला फेरविचार. लाट ओसरली की ते कलम काढायचं, आणि आम्ही काढलं.

कारणं वाचल्यावर निम्मी भीती पाच मिनिटांत सुटते. ‘रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे’ याला उत्तर आहे: बारीक सुई, आणि टोचलेली जागा न चोळता दोन मिनिटं दाबून धरायची. ‘बाळाला पाजते’ हे सुरुवातीला खरंच कारण होतं, मे २०२१मध्ये परवानगी आली. गरोदर बाईंना जुलैत. अशा बायकांना ‘टाळाटाळ’ या रकान्यात टाकू नका, त्यांच्यासाठी ‘नियम बदलला की कळवणे’ असा वेगळा रकाना करा आणि खरंच कळवा. पहिल्या डोसनंतर तीव्र ॲलर्जी झालेला माणूस मात्र खरा अपवाद. त्याला पुन्हा पुन्हा विचारून छळू नका.

‘मूल होणार नाही’ ही भीती आमच्या नव्या लग्न झालेल्या पोरींत होती. एमडी सरांनी सभा घेऊन समजावलं. काहीही फरक पडला नाही. लेबर रूमच्या इन्चार्ज सिस्टरने चहाच्या वेळी स्वतःच्या सुनेला डोस दिल्याचं सांगितलं, आणि चौघी त्याच दुपारी आल्या. समजावायला कधीही साहेबांना पाठवू नका.

ही लस संपली तरी काम संपत नाही

आता गंमत बघा. साथीची लस आपल्याकडे कर्मचाऱ्यावर बंधनकारक नव्हती, पण रुग्णालयावर वेगळंच एक बंधन २०१६पासून आहे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देण्याची आणि वर्षातून एकदा आरोग्य तपासणी करण्याची जबाबदारी रुग्णालय चालवणाऱ्याची. कोविडची यादी मागच्या दाराशी उभं राहून केली तेव्हा कळलं की आमच्या अर्ध्या मावश्यांना हिपॅटायटिस बीचा एकही डोस नव्हता. कोविडला सगळे घाबरत होते. पिशवीतून बाहेर आलेल्या सुईला कुणी घाबरत नव्हतं.

त्याच वहीत चार रकाने वाढवा. हिपॅटायटिस बी: शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटीबॉडीची तपासणी. दहा (mIU/ml) किंवा त्याच्या वर आली तर संरक्षण आहे. कमी आली तर पुन्हा तीन डोस. तरीही नाही आली तर त्या व्यक्तीच्या फाइलवर लाल शाईने लिहा, कारण तिला सुई टोचली तर फक्त लशीवर भागणार नाही, इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन द्यावं लागेल, आणि तेही शक्यतो चोवीस तासांत. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीच्या डॉक्टरला हे फाइलवरूनच कळायला हवं.

दोन डोस घेऊन नोकरी सोडणाऱ्या सिस्टर फार. त्यांच्या हातात कार्ड द्या. डोस लांबला म्हणून पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेला घेतला की पुरतं. हे त्यांना सांगा, नाहीतर पुढच्या रुग्णालयात त्या ‘माझं काहीच झालेलं नाही’ म्हणतात आणि पुन्हा पहिल्यापासून टोचून घेतात.

कॉन्ट्रॅक्टरच्या करारात एक कलम घाला: नवा माणूस आणला की सात दिवसांत त्याची लशीची माहिती इन्फेक्शन कंट्रोलकडे, नाहीतर त्या माणसाचं बिल निघणार नाही. अकाउंट्सला हे आवडतं.

प्रत्येकाच्या प्रमाणपत्राची छापील प्रत त्याच्या फाइलमध्ये लावा आणि एक त्याला द्या. नावात चूक असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीची विनंती टाका. पुढे सहा महिन्यांनी परदेशाच्या व्हिसासाठी तीच सिस्टर रडत तुमच्याकडे येते.

यादी दर महिन्याच्या एक तारखेला पुन्हा मागच्या दाराशी तपासा. आमचं रजिस्टर मेट्रन मॅडमच्या कपाटात खालच्या कप्प्यात असतं, किल्ली कॅज्युअल्टीच्या इन्चार्जकडे. मी रजेवर असताना एकदा तपासणीला लोक आले आणि रजिस्टर सापडेना, तेव्हापासून किल्ली कुठे आहे ते तिघींना माहीत आहे आणि कपाटाच्या आतल्या बाजूला लिहिलेलंही आहे.